१७२ दिवसांचं वर्ष

बेसबॉलमध्ये वर्ष १७२ दिवसांचं असतं. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवस फिरत असेल तर फिरो बापडी, पण मेजर लीगच्या करारात खेळाडूचं एक वर्ष 'भरायला' तो १७२ दिवस मुख्य संघाच्या यादीत असावा लागतो. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. मग तो हव्या त्या क्लबकडे हवा तेवढा पैसा मागू शकतो. तोपर्यंत त्याच्यावर हक्क क्लबचा. सीझन मात्र चालतो १८० दिवसांच्या वर. आता ज्यांनी आयुष्यात एकदा तरी टाइमशीट भरली आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल की इथे एक फट आहे. हुशार पोराला सुरुवातीचे दोन आठवडे खालच्या लीगमध्ये बसवून ठेवायचं आणि मग वर आणायचं. वर्षभर तो खेळतो, लोक टाळ्या वाजवतात, पण त्याचं वर्ष काही भरत नाही. क्लबला तो सहाच्या जागी जवळजवळ सात सीझन मिळतो.

शिकागो कब्जनी २०१५ साली क्रिस ब्रायंटच्या बाबतीत नेमकं हेच केलं. त्याला १७ एप्रिलला वर आणला, सीझनअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तो ठरला, पण कागदावर त्याचं वर्ष झालंच नव्हतं. युनियनने तक्रार केली, तिचा निकाल लागायला २०२० उजाडलं, आणि लवादाने क्लबच्या बाजूने कौल दिला. क्लबचं म्हणणं होतं की पोराला फील्डिंगवर अजून थोडं काम करायचं होतं. सीझन सुरू झाल्यापासून बारा दिवसांत ते काम झालं म्हणायचं. आमच्या प्रोजेक्टमध्ये एवढ्या वेळात लॅपटॉपवर अ‍ॅक्सेस मिळत नाही.

मी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गला आलो तेव्हा मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. बेसबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचं क्रिकेट असं माझं प्रामाणिक मत होतं (आमच्या बाबांचं अजून आहे). पण माणूस जिथे राहतो तिथल्या भांडणात ओढला जातोच. पुण्यात राहिलात तर मिसळीवर मत ठेवावं लागतं, तसं पिट्सबर्गमध्ये राहिलात तर पायरेट्सच्या रोस्टरवर मत ठेवावं लागतं. नसेल तर लोक देतात.

मला ज्यांनी दिलं ते दोघेजण. एक आमचे शेजारी. वय पंचाहत्तरच्या पुढे, सगळी नोकरी स्टील मिलमध्ये झालेली. मी त्यांना मनात आजोबा म्हणतो, तोंडावर नावाने हाक मारतो, कारण इथे तसंच मारतात. पहिले सहा महिने तशी हाक मारताना जीभ अडखळायची. दुसरा आमच्या ऑफिसातला, डेटा टीममधला, माझ्याच वयाचा. त्याला मी एक्सेलराव म्हणतो. त्याला अर्थ कळत नाही पण ऐकायला आवडतं. आजोबांच्या पोर्चवर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. रेडिओ चालू असतो, मॅच कोणी फारशी ऐकत नाही.

ही गंमत मला सुरुवातीला कळायची नाही. समोर सामना चालू आहे आणि ही माणसं भांडताहेत कशावर, तर तीन वर्षांनी शॉर्टस्टॉपला कोण उभा राहील यावर! मग हळूहळू इतिहास कळला. पायरेट्सनी वर्ल्ड सीरिज शेवटची जिंकली १९७९ साली. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं ते जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांमध्ये असा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. मग २०१३, २०१४, २०१५ अशी तीन वर्षं जरा उजेड पडला (२०१५ला तर ९८ सामने जिंकले), आणि पुन्हा अंधार. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांत एकदाही प्लेऑफ नाही. ज्या गावाला आज काही मिळत नाही ते गाव उद्यावर भांडतं. त्यात नवल नाही.

आणि उद्यावर भांडायला बेसबॉलइतका माल कुठेच नाही. मुख्य संघात खेळायला २६ जण, पण क्लबच्या राखीव यादीत ४०. त्या चाळिसांखाली शेकडो पोरं, चार पायऱ्यांवर: ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना आणि सगळ्यात वर इंडियानापोलिस. ही वेगवेगळ्या गावांची नावं असली तरी तिथले खेळाडू पिट्सबर्गच्या पगारावर. कोण एक पायरी चढला, कोण उतरला, कोणाला चाळिसात घेतलं, त्याच्यासाठी कोणाला काढलं, कोणाचे 'ऑप्शन' संपले... ऑप्शन म्हणजे खेळाडूला खाली धाडायची मुभा. तीन सीझन ती वापरता येते, आणि २०२२पासून एका सीझनमध्ये पाच वेळाच. याचा अर्थ त्याआधी पाचाहून जास्त वेळाही व्हायचं. मंगळवारी इंडियानापोलिसहून बोलावणं, गुरुवारी परत. ज्यांनी बेंचवरून प्रोजेक्टवर आणि प्रोजेक्टवरून बेंचवर असे हेलपाटे घातले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

तर २०२४चा वसंत ऋतू. पॉल स्कीन्स नावाचा पिचर, २०२३च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, ९२ लाख डॉलर बोनस घेऊन आलेला. तेव्हापर्यंतच्या ड्राफ्टमधला हा सर्वांत मोठा बोनस. चेंडू ताशी शंभर मैलांनी टाकतो, म्हणजे आपल्या हिशोबात १६० किलोमीटर. एप्रिल सुरू झाला तेव्हा हा बाबा इंडियानापोलिसला. तिथे सात सामन्यांत सत्तावीस-एक इनिंग्जमध्ये ४५ जणांना स्ट्राइकआउट केलं. बॅट्समन येत होते आणि जात होते. पिट्सबर्गमध्ये मुख्य संघ आपला रडतखडत हरतोय.

आजोबांचं म्हणणं सरळ: "सगळ्यात चांगला माणूस खाली का?" एक्सेलरावांचं म्हणणं पण सरळ: आता आणला तर २०२९नंतर जाईल, थोडा थांबलो तर २०३०पर्यंत राहील. २०२४ला संघ तसाही जिंकणार नाही, मग त्याचे एप्रिलमधले चेंडू वाया का घालवायचे? क्लबने मात्र दिवसांचं नाव काढलं नाही. त्यांचं कारण होतं वर्कलोड. पोरगा कॉलेजमध्ये आधीच भरपूर टाकून आलाय, हळूहळू वाढवू. आणि हे कारण अगदीच खोटं नाही, हे मला आजोबांसमोर कबूल करता आलं नाही तरी इथे करतो. तरण्या पिचरची कोपरं हल्ली काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडतात. शस्त्रक्रिया, वर्ष-सव्वा वर्ष घरी. काळजी घ्यायलाच हवी. पण काळजी आणि कंजूषपणा जेव्हा एकाच तारखेला संपतात तेव्हा संशय येतो एवढंच.

११ मेला आणला. पहिल्या सामन्यात सात स्ट्राइकआउट. सहा दिवसांनी शिकागोला सहा इनिंग्ज एकही हिट न देता अकरा. जुलैत तो ऑल-स्टार सामन्याचा सुरुवातीचा पिचर होता. सीझनअखेर १.९६चा ईआरए (नऊ इनिंग्जमागे सरासरी किती धावा दिल्या तो आकडा, तीनच्या खाली उत्तम, दोनच्या खाली म्हणजे अंगावर काटा).

आता खरी गंमत. ब्रायंटच्या प्रकरणानंतर, २०२२च्या नव्या करारात युनियनने एक कलम घालून घेतलं होतं: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात जो पहिला किंवा दुसरा येईल त्याला पूर्ण वर्ष मोजून द्यायचं, तो कधीही आलेला असो. स्कीन्स पहिला आला. मेमध्ये आणून वाचवलेलं वर्ष नोव्हेंबरमध्ये हातातून गेलं. इतकंच नाही, तर पहिल्या दिवसापासून त्याला संघात ठेवला असता आणि मग त्याने हा मान मिळवला असता, तर क्लबला ड्राफ्टमध्ये एक जादा खेळाडू निवडायला मिळाला असता. तोही गेला. आजोबा त्या संध्याकाळी ताटलीभर पिरोगी घेऊन आमच्या दारात. पिरोगी म्हणजे उकडलेली करंजी समजा, आत बटाटा आणि चीज. इथे मॅचच्या मध्यंतरात माणसं पिरोगीचे पोशाख घालून मैदानात शर्यत लावतात, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. एक्सेलराव दुसऱ्या दिवशी ऑफिसात जरा गप्प होते. पण हार मानली नाही. म्हणाले, निर्णय बरोबर होता, निकाल चुकला. हे वाक्य मी जपून ठेवलंय, अप्रेझलला उपयोगी पडेल.

या सगळ्या वादात मला एक गोष्ट खटकत राहिली. एक्सेलराव 'आपल्याला' म्हणतात. आपल्याला तो २०३०पर्यंत मिळाला असता. आपण त्याला स्वस्तात ठेवू शकतो. अरे बाबा, आपण कोण? वाचलेला पैसा मालकाच्या खिशात जातो, तुझ्या बिअरची किंमत त्याने एक सेंट कमी होत नाही. पण हा फक्त त्याचा दोष नाही. सगळे फॅन असंच बोलतात, मीसुद्धा बोलतो. बाहेर बसून मॅनेजरच्या खुर्चीतून बोलायची सवय इतकी आहे की चोवीस वर्षांच्या पोराचं एक वर्ष आपण वाण्याने गूळ तोलावा तसं तोलतो. आजोबांचं गणित निराळं. ते क्लबचं नाही, खेळाडूचंही नाही, स्वतःचं बोलतात. "सहा वर्षांचा कंट्रोल म्हणतोस, मी सहा वर्षं कुठून आणू?" यावर एक्सेलमध्ये फॉर्म्युला नाही.

२०२५ला स्कीन्सने १.९७च्या ईआरएने साय यंग पुरस्कार एकमताने घेतला. त्याच वर्षी त्याच्या नावावर जिंकलेले सामने दहा, हरलेले दहा. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. लीगमधला सगळ्यात चांगला पिचर निम्मे निकाल हरतो, कारण त्याच्यामागे बॅट धरणारे कोणी नाहीत. संघ ७१-९१. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला प्रेक्षक 'संघ विका' म्हणून ओरडत होते, वरून तेच लिहिलेला फलक ओढत विमान गेलं. मालकाने काही विकलं नाही.

पण बॅट्समन का नाहीत, पिचर येतात आणि जातात कुठे, हा प्रश्न फक्त पैशाचा नाही असं मला वाटतं. इथे आमचा धंदा आठवतो. गेरिट कोल, २०११च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, पायरेट्सचाच. पायरेट्सची तेव्हा एक पद्धत होती: चेंडू खाली, बुडणारा टाकायचा, बॅट्समनला जमिनीवर मारायला लावायचं, आणि तिथे फील्डर आधीच उभे करून ठेवायचे. उजेडाच्या त्या तीन वर्षांत ही पद्धत झकास चालली. मग लीगमधल्या बॅट्समननी खालचा चेंडू खालून वर उचलून मारायला सुरुवात केली. बाकीचे क्लब बदलले. पायरेट्स म्हणाले, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? (हे वाक्य ओळखीचं वाटलं तर तुम्हीही कधीतरी दहा वर्षांपूर्वीचा कोड सांभाळलेला आहे.) २०१७ला कोलचा ईआरए ४.२६. २०१८च्या जानेवारीत त्याला ह्यूस्टनला देऊन टाकला. तिथे त्याचा तो बुडणारा चेंडू जवळजवळ बंदच केला, सरळ वेगवान वर टाक म्हणाले. माणूस तोच, हात तोच. २०१९ला ३२६ स्ट्राइकआउट आणि ईआरए २.५०. मग न्यूयॉर्कशी ९ वर्षांचा ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार.

एकदा होतं, योगायोग म्हणू. पण त्याच २०१८च्या जुलैत पायरेट्सनी टँपा बेकडून क्रिस आर्चर नावाचा पिचर घेतला आणि बदल्यात दिले टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ. आजोबांसमोर हा विषय काढायचा नाही. मी एकदा अजाणता काढला तर त्यांनी रेडिओ बंद केला, तोही पायरेट्स पुढे असताना. ग्लासनाउ पिट्सबर्गमध्ये अडखळत होता, टँपात जाऊन लीगमधल्या सगळ्यात अवघड पिचरांपैकी एक झाला. उलट दिशेनेही बघा: २०२१चा ड्राफ्टचा पहिला क्रमांक हेन्री डेव्हिस, कॅचर म्हणून घेतला. २०२३ला वर आणला तर राइट फील्डला उभा केला, मग पुन्हा कॅचर, मग खाली, मग वर. बॅट काही चालली नाही. आता यात पोराचा दोष किती आणि फिरवाफिरवीचा किती हे कोणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच त्यावर दोन बिअर सहज संपतात.

आजोबांकडे मात्र या सगळ्यावर एक हुकमाचं पान आहे. रोबर्टो क्लेमेंटे.

त्याचं असं झालं. बेसबॉलमध्ये 'रूल फाइव्ह' नावाचा एक नियम आहे. एखाद्या क्लबने खेळाडूला बरीच वर्षं खाली ठेवलं आणि आपल्या चाळिसांत घेतलं नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरा क्लब ठरावीक रक्कम भरून त्याला उचलू शकतो. अट एकच, पुढचा पूर्ण सीझन त्याला मुख्य संघात ठेवायचं. १९५४ साली नियमाचा तपशील वेगळा होता, पण गाभा हाच. ब्रुकलिन डॉजर्सनी पोर्तो रिकोच्या या पोराला दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतलं आणि मुख्य संघात जागा नाही म्हणून माँट्रियलला पाठवलं. तिथे त्याला फारसं खेळवलंच नाही. दुसऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून मुद्दाम लपवला अशी आख्यायिका आहे. पुढे अभ्यासकांनी जुनी स्कोअरकार्डं तपासून त्यावर शंका घेतली, पण आजोबांना हे सांगण्यात अर्थ नाही. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते, म्हणून पहिली निवड त्यांची. त्यांनी क्लेमेंटेला उचललं. पुढची अठरा वर्षं, दोन वर्ल्ड सीरिज, बरोबर ३००० हिट्स. १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात पडलं. वय ३८. आजोबांनी त्याला फोर्ब्स फील्डवर पाहिलेलं आहे. हे सांगताना ते 'पाहिलाय' म्हणत नाहीत, उजवा हात खांद्यामागे नेऊन राइट फील्डहून थ्रो कसा यायचा ते दाखवतात. २०२५ला क्लबने मैदानातल्या भिंतीवरचा त्याचा २१ नंबर झाकून तिथे दारूच्या एका ब्रँडची जाहिरात लावली. एवढी बोंबाबोंब झाली की नंबर परत लावावा लागला. तो आठवडा आजोबांची मिसेस आमच्याशीसुद्धा हळू आवाजात बोलत होती.

ही गोष्ट मी बाबांना फोनवर सांगितली. बाबांना बेसबॉल कळत नाही, पण संघनिवडीवर भांडणं हा त्यांचा प्रांत. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पद्माकर शिवलकरला असा नियम हवा होता." मी गप्पच झालो. ५८९ फर्स्ट क्लास विकेट्स. १९७३च्या रणजी फायनलला चेपॉकवर १६ धावांत ८. आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात त्याच जातीची डावखुरी फिरकी टाकणारे बिशनसिंग बेदी भारताला मिळालेले होते. बेदी मोठेच होते, त्यात वाद नाही. पण पुढे बेदी असणं हा काही गुन्हा नाही ना! डॉजर्सच्या मुख्य संघातही जागा नव्हतीच. क्लेमेंटेला दुसरं गाव होतं. देशाच्या संघाला दुसरं गाव नसतं. बाबा तेव्हाही भांडले असणार, दादरच्या एखाद्या कट्ट्यावर, आणि निवड समितीने ऐकलं नसणार.

मग त्यांनी मूळ विषय काढला. "तुझं त्या कार्डाचं काय झालं?"

तर त्या कार्डाचं असं आहे. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. तो मिळतो सहा वर्षांसाठी. हो, सहाच! पहिल्यांदा हा आकडा बेसबॉलच्या संदर्भात ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. माझी सहा वर्षं २०२८च्या ऑक्टोबरमध्ये भरतील. फरक एवढाच की खेळाडूची सहा भरली की तो मोकळा होतो, माझी भरली की मी परत. पुढे राहायचं तर कंपनीने माझ्या ग्रीन कार्डाची पहिली पायरी निदान एक वर्ष आधी, म्हणजे २०२७च्या ऑक्टोबरपर्यंत चढलेली हवी. ती पायरी मला चढता येत नाही, कंपनीनेच चढायची. आणि कंपनी दर क्वार्टरला सांगते, पुढच्या क्वार्टरला बघू. कारणं चांगली असतात. बजेट, पुनर्रचना, वकील बदलले. वर्कलोडसारखीच, अगदीच खोटी नाहीत.

मीही दिवस मोजतो. एच-वन-बीमध्ये अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस सहा वर्षांत धरत नाहीत, पुरावा दिला की परत मिळतात. ताईच्या लग्नाला आलो होतो ते ३१ दिवस, आजीच्या वेळी आलो ते १२. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास एका फोल्डरमध्ये जपून ठेवलेत. एकूण ४३. एक्सेलरावांनी शीट करून दिली, सुंदर रंगबिरंगी. करताना सहज म्हणाले, "पण कंपनीच्या बाजूने बघितलं तर थांबण्यात अर्थ आहे. कार्ड मिळालं की तू जाशील." वाईट हेतू अजिबात नव्हता. त्यांना ते स्कीन्सबद्दल जसं दिसतं तसं माझ्याबद्दल दिसलं, इतकंच. शीट माझ्याच लॅपटॉपवर उघडी होती, आणि मी मान डोलावली. गणित चूक नव्हतं.

गेल्या ऑगस्टात, म्हणजे २०२५च्या, आम्ही तिघं अल्टूनाला गेलो होतो. पिट्सबर्गपासून दोन तास, डोंगरातलं रेल्वेचं जुनं गाव. स्टेडियम छोटं, आणि राइट फील्डच्या भिंतीमागे चक्क एक रोलर कोस्टर. ही डबल-ए, म्हणजे वरून तिसरी पायरी. वरच्या पायरीवर २०२५ला किमान पगार वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर होता, इथे साधारण ३० हजार. आणि हे सुधारल्यावरचं! २०२३ला मायनर लीगवाल्यांच्या युनियनचा पहिला करार झाला तेव्हा कुठे तो तेरा-चौदा हजारांवरून इथवर आला. माझ्या मनात तिथे आलं ते रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचं. उत्तर प्रदेशातले भालाफेकीचे दोन पोरगे, टीव्हीवरच्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून निघाले आणि २००८ला करार केला तो याच पायरेट्सनी. सिनेमा आला २०१४ला. सिनेमा संपतो करार होतो तिथे. दिनेशला २०१०ला सोडून दिलं. रिंकू खालच्या पायऱ्यांवर बरीच वर्षं राहिला, हात दुखावला, अल्टूनापर्यंत काही पोचला नाही. म्हणजे ज्याला हे लोक डेव्हलपमेंट म्हणतात ते सिनेमाच्या नंतर सुरू होतं, आणि ते दाखवण्यासारखं नसतं. रोज दुपारी तेच चेंडू, तीच बस, तोच बर्गर.

आठव्या इनिंगला एक रिलीफ पिचर आला. पंचविशीतला, दाढीवाला. नाव घोषणेत नीट ऐकू आलं नाही. तीन बॅट्समन, अकरा चेंडू, तिघेही बाद. शेवटच्या चेंडूला बॅट फिरल्यावर कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज आमच्यापर्यंत आला. रोलर कोस्टरवरची मुलं तेव्हाच किंचाळली, ती त्यांच्या कारणाने. एक्सेलरावांनी लगेच फोन काढला. यंदा चाळिसांत घेतला नाही तर डिसेंबरमध्ये रूल फाइव्हला उघडा पडतो. घेतला आणि पुढच्या वर्षी वर आणला, तर कंट्रोल २०३१पर्यंत.

"तेव्हा मी ८१चा," आजोबा म्हणाले.

कोणी काही बोललं नाही. मग पार्किंगपर्यंत चालत जाताना त्यांनीच विचारलं, घ्यायचा तर चाळिसांतून काढायचं कोणाला? मी एक नाव घेतलं. रूट २२ संपून पिट्सबर्गचे दिवे दिसेपर्यंत दोघंही त्या नावाच्या बाजूने बोलत होते. त्याला अजून एक सीझन द्यायला हवा म्हणे.